तोंडातला धागा

(कळमेश्वर येथे वस्तीतल्या युवक शिबिरात केलेले भाषण. बोलणे होते तसेच ठेवले आहे, थोडी काटछाट केली आहे.)

मला सांगण्यात आलं, तू तीन वर्षं रेशमाच्या शेडवर राबला, तर पोरांना रेशमाचा किडा समजावून सांग. धंदा कळला पाहिजे. ठीक आहे. मी किड्याबद्दलच बोलणार आहे. पण किड्याबद्दल बोलायला लागलो की माणसाबद्दल बोलावं लागतं, याला माझा इलाज नाही.

आधी एक प्रसंग सांगतो. तीन वर्षं मी ज्यांच्या शेडवर होतो त्या मालकाचं नाव सांगणार नाही. नाव सांगून काय होणार? असे मालक गावोगाव आहेत, आणि हा त्यातला वाईटही नव्हता. मजुरी बुडवली नाही त्याने. पीक पिकायला आलं होतं. पीक म्हणजे किडे. किडा पिकला की पाला खाणं सोडतो, अंग पिवळसर आणि आरपार दिसल्यासारखं होतं, मान वर करून इकडेतिकडे हलवतो. तेव्हा त्याला हाताने उचलून चंद्रिकेवर ठेवावं लागतं, म्हणजे तो तिथे कोष बांधतो. उशीर केला तर खालीच, पाल्यात आणि घाणीत कोष बांधून मोकळा होतो. म्हणून आम्ही चौघं रात्रभर किडे वेचत होतो. सकाळी चुना आणायला मी मालकाच्या अंगणातून चाललो. अंगणात उंच दांडीवर, काठीने टाकलेला पिवळा रेशमी मुकटा वाळत होता. ओट्यावरून म्हातारी ओरडली, ‘अबे पोट्ट्या, दुरून जाय! सोवळं वाळून राह्यलं थे.’

मी थांबलो. माझ्या दोन्ही तळहातांना धागे चिकटलेले होते. पिकलेला किडा हातात घेतला की तो हातावरच धागा सोडतो. रात्रभर हजारो किडे उचलले होते. तिच्या सोवळ्याचं कच्चं सूत माझ्या बोटांना गुंडाळलेलं होतं, आणि तिचं सोवळं माझ्या सावलीने बाटणार होतं!

मी काही बोललो नाही. वळसा घालून गेलो. चुना आणला. त्या दिवशी बोललो नाही ते आज बोलतो आहे.

तर हा किडा कोण ते बघू.

तुतीचा पाला खाणारा जो रेशीमकिडा आहे त्याची अंडी खसखशीच्या दाण्यासारखी असतात. एक मादी ४०० ते ५०० अंडी घालते, त्या एका मादीच्या अंड्यांना एक अंडीपुंज म्हणतात. सरकारी कागदात सगळा हिशोब अंडीपुंजावर चालतो. १०० अंडीपुंज आणले म्हणजे ४० ते ५० हजार तोंडं तुम्ही घरात आणली. अंडी फुटतात तेव्हा किडा मुंगीपेक्षा लहान, काळा, केसाळ. तुतीशिवाय दुसरं पान घेत नाही. पहिले दिवस कोवळा पाला बारीक चिरून द्यावा लागतो. मग तो झोपतो. झोपतो म्हणजे कात टाकतो. मान वर करून निपचित पडतो, एक दिवस खात नाही, जुनी कातडी सोडतो आणि नव्याने खायला लागतो. असं चार वेळा. पंचवीस-सव्वीस दिवसांत त्याचं वजन सुमारे दहा हजार पटीने वाढतं. शेवटच्या सात-आठ दिवसांत तर अख्ख्या आयुष्यात जेवढा पाला खायचा त्यातला ८० टक्क्यांच्या वर खातो. तेव्हा रात्री शेडमध्ये उभं राहिलं की टिनावर पाऊस पडावा तसा आवाज येतो. दर काही तासांनी फांद्या टाकायच्या. झोप विसरायची. पाला तोडणाऱ्या बाया सकाळी सहाला शेतात असतात आणि रात्रीचा पाला टाकायलाही त्याच.

हा किडा मोठा नाजूक. त्याला २४ ते २८ अंश तापमान लागतं, हवेत ओल लागते. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, म्हणून उन्हाळ्यात पीक घेत नाहीत. मार्चअखेरीला घेतलंच तर शेडला ओले गोणपाट लावतात, कूलर लावतात. किड्याला कूलर आणि आम्ही टिनाच्या पत्र्याखाली, हेही मी बघितलं आहे. त्याला धूर चालत नाही. तंबाखू त्याला विष. खर्रा घोटलेल्या हाताने पाला टाकला तर किडे मान टाकतात. आपल्या पोट्ट्यांचा खर्रा कुण्या डॉक्टरच्या बापाने सुटला नाही, पण त्या शेडवर तिघांचा सुटला. किड्याच्या धाकाने सुटला!

आणि फवारणी. बाजूच्या शेतात कपाशीवर औषध मारलं आणि वारा इकडचा असला, तर तुतीच्या पाल्यावर ते बसतं आणि दुसऱ्या दिवशी हजारो किडे मेलेले. म्हणून मालक बाजूच्या शेतकऱ्याला फोन करून विचारायचा, फवारा कधी मारणार? किड्यासाठी विचारायचा. फवारा मारणारा जो आपला माणूस, त्याच्या तोंडावर फडकं आहे की नाही हे कुणी फोन करून विचारलं नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीच्या फवारणीत शेतकरी आणि शेतमजूर विषबाधा होऊन मेले, ते सगळ्या देशाने वाचलं. किडा मेला तर पीक बुडतं. मजूर मेला तर दुसरा मजूर येतो. एवढा साधा हिशोब आहे.

आता धागा. किड्याच्या पोटात दोन लांब ग्रंथी असतात. त्यांत रेशीम पातळ रसासारखं असतं. खालच्या ओठापाशी एक बारीक नळी, तिथून दोन तंतू एकत्र, डिंकासारख्या रसात चिकटून बाहेर येतात आणि हवेत घट्ट होतात. मान इंग्रजी आठच्या आकड्यासारखी फिरवत किडा दोन-तीन दिवस आपल्याभोवती धागा गुंडाळत राहतो. न तोडता. चांगल्या जातीच्या एका कोषात एक किलोमीटरच्या आसपास सलग धागा निघतो. घर बांधतो बिचारा. आत बसून त्याचं फुलपाखरू व्हायचं असतं.

ते होऊ देत नाहीत. कारण पाखरू बाहेर येताना तोंडातून रस सोडतं, कोष मऊ करतं आणि भोक पाडतं. भोक पडलं की सलग धागा गेला. म्हणून त्याआधी कोषाला वाफ देतात किंवा गरम हवेत सुकवतात. आतला जीव मरतो. मग कोष उकळत्या पाण्यात टाकायचे, डिंक सैल झाला की टोक शोधायचं, आठ-दहा कोषांची टोकं एकत्र करून एक धागा ओढायचा. साडेसहा-सात किलो कोष लागतात तेव्हा एक किलो रेशीम निघतं. साडेतीन-चार हजार जीव.

बियाण्यासाठी थोडे कोष ठेवतात, त्यांतून पाखरू निघतं. त्याला पंख आहेत, पण उडता येत नाही. माणसाने सुमारे पाच हजार वर्षं त्याला टोपलीत पाळलं, उडण्याची गरज ठेवली नाही, उडणं गेलं. त्याला खाण्याचं तोंडही नाही. चार-सहा दिवस जगतं, अंडी घालतं, मरतं.

इथे एखादा कवी उठून म्हणेल, हा किडा म्हणजेच दलित! मी म्हणणार नाही. किडा मोर्चा काढत नाही. किडा पुस्तक वाचत नाही. आपण किडे नाही आणि कुणी आपल्याला प्रेमानेही किडे म्हणू नये. मला बोलायचं आहे ते त्या धाग्यावर बसलेल्या जातीबद्दल.

चीनमधली एक दंतकथा सांगतात. लेइत्सू नावाच्या राणीच्या चहात झाडावरून कोष पडला, तिने तो उचलला तर धागा निघाला, आणि रेशमाचा शोध लागला. असेल. पण राणी काही पाला तोडत नव्हती. पाला तोडणाऱ्या बाईने कोष आधी बघितला असेल की नाही? दंतकथेत तिचा चहा नाही, म्हणून तिचं नाव नाही.

आपल्याकडे काय झालं? आपल्याकडे रेशीम सोवळ्यात गेलं. पूजेला बसायचं तर रेशमी कद, रेशमी मुकटा, पीतांबर. सुती धोतर धुतल्यावर कुणी शिवलं तर ओवळं. विचार करा. कापूस झाडाला येतो, त्यात कुणाचा जीव जात नाही, तो लगेच बाटतो. रेशीम किड्याच्या तोंडातून येतं, मेलेल्या जीवावरून ओढून काढलेलं असतं, ते पवित्र! मी कुणाच्या श्रद्धेची टिंगल करत नाही. मी फक्त विचारतो, हा न्याय कुठला?

ज्या पुस्तकाची होळी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला झाली त्या मनुस्मृतीत रेशमाची फार काळजी घेतली आहे. रेशीम कसं शुद्ध करावं? खारवट मातीने. आता गंमत बघा. कारखान्यात रेशमाचा डिंक काढायला आजही साबण आणि सोडाच वापरतात, म्हणजे खारच. धुणाऱ्याचं, कारागिराचं ज्ञान पुस्तकात गेलं आणि तिथे त्याचा धर्म झाला. रेशीम चोरणारा पुढच्या जन्मी तित्तिर पक्षी होतो, हेही तिथे आहे. आणि त्याच पुस्तकात चांडाळाने काय नेसावं? मेलेल्या माणसाचे कपडे. एकाच पुस्तकात एकाला किड्याच्या प्रेतावरचा धागा पवित्र म्हणून, आणि दुसऱ्याला माणसाच्या प्रेतावरचं फडकं शिक्षा म्हणून. महाडला त्याच वेळी बाबासाहेबांनी आपल्या बायांना लुगडं कसं नेसावं हेसुद्धा सांगितलं. काही लोकांना वाटतं एवढ्या मोठ्या माणसाने लुगड्यावर कशाला बोलावं? म्हणून बोलावं! कापडावरून जात ओळखत होते.

आता मुंबईच्या गिरण्यांची गोष्ट सांगतो. ही प्रत्येकाने ध्यानात ठेवावी. तिथे विणकाम खात्यात पगार बरा मिळायचा. त्या खात्यात अस्पृश्य कामगारांना घेत नव्हते. का? तर धोट्यातली कांडी बदलली की सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावं लागायचं. आज एका धोट्याला महाराचं तोंड लागलं आणि उद्या तोच धोटा मराठ्याच्या तोंडाला लागला तर? विटाळ! लाल बावट्याखाली एकत्र आलेले कामगार, पण धोट्यापाशी जात आडवी. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना हे तोंडावर विचारलं, विणकाम खातं आमच्या माणसांना खुलं करण्याची मागणी का नाही? तेव्हा कुठे ती मागणी, नाखुशीने, यादीत आली.

मित्रांनो, आता दोन धागे शेजारी ठेवा. किड्याच्या तोंडातून आलेला धागा सोवळा. माणसाच्या तोंडाला लागलेला धागा ओवळा. मी त्या अंगणात उभा होतो तेव्हा मला हे माहीत नव्हतं. नंतर वाचलं. वाचलं त्या रात्री झोप लागली नाही.

आणि धाग्याशी आपलं नातं काही गिरणीतलं नाही, त्याहून जुनं आहे. माझा आजा माग चालवायचा. नागपूर-भंडाऱ्याकडच्या महारांचा जाडंभरडं कापड विणण्याचा मोठा धंदा होता. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर ग्रंथ काढला, त्यातही ही नोंद आहे. १८७७ साली नागपूरला एम्प्रेस मिल सुरू झाली, गिरणीचं स्वस्त कापड बाजारात आलं, आणि हळूहळू घरोघरचे माग बसले. माणसं गिरणीत गेली, वखारीत गेली, शेतावर मजुरीला गेली. आजा म्हणायचा, ‘आमच्या हातचं लुगडं फाटे नाही, पण लग्नात कोनी नेसे नाही.’ कारण लग्नातलं लुगडं कोष्ट्याच्या मागावरचं, रेशीमकाठी. जाडंभरडं महाराने विणायचं, झिरझिरीत कोष्ट्याने विणायचं. जातीने धागासुद्धा वाटून दिला होता!

पण कोष्टी तरी सुखी आहे का? भंडारा जिल्ह्यात मोहाडीकडे मी गेलो होतो. तिथे टसरचं कापड विणतात. आपल्याकडे टसरला कोसा म्हणतात. करवतकाठी लुगडं तुम्ही ऐकलं असेल, काठाला करवतीचे दात. अंग कोशाचं, काठ सुती, विणायला तीन धोटे. एकेका लुगड्याला दिवसचे दिवस लागतात. दुकानात त्याची किंमत ऐकली आणि विणकराची मजुरी ऐकली, तर मधली रक्कम कुठे गेली हे विचारायला करवतीसारखे दात पाहिजेत. त्या विणकराच्या पोराने मला सांगितलं, तो माग शिकणार नाही.

आणि कोसा येतो कुठून? भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या जंगलातून. तो किडा वेगळा. तुती खात नाही, ऐनाचा आणि अर्जुनाचा पाला खातो. घरात राहत नाही, झाडावर राहतो. हिरवागार, बोटाएवढा जाड. कोष लाकडासारखा टणक, फांदीला देठाने बांधलेला. आरमोरीकडचे ढिवर बांधव हे काम पिढ्यान्‌पिढ्या करतात. किडे झाडावर सोडायचे आणि महिना-दीड महिना जंगलात राहून राखण करायची. पाखरं, मुंग्या, गांधीलमाश्या, माकडं, सगळ्यांपासून. एका झाडाचा पाला संपला की दुसऱ्या झाडावर न्यायचे. मी तुतीच्या शेडमध्ये रात्री जागलो त्याचं कौतुक सांगतो, ते तर पावसात झाडाखाली जागतात.

पण झाड कुणाचं? किडा ढिवराचा, ऐन वनखात्याचा. २००६ साली वनहक्क कायदा आला. त्यात आदिवासींना हक्क आहे आणि इतर पारंपरिक वननिवासींनाही आहे. पण ढिवर आदिवासींच्या यादीत नाहीत, भटक्या जमातींत आहेत. म्हणून त्यांना सिद्ध करावं लागतं की १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, आपण या जंगलात राहत होतो. ज्याच्या आज्याला शाळेत घेतलं नाही त्याच्याकडे आज्याचा कागद मागतात! किड्याला विचारा म्हणावं, तुला कोण राखत होतं.

टसरच्या धाग्याची आणखी एक गोष्ट आहे, ती बायांनी ऐकावी. छत्तीसगड, झारखंडकडे टसरचा धागा बाया उघड्या मांडीवर काढत आल्या. कोष उकडायचे, चार-पाच तंतू ओढायचे आणि मांडीवर घासून पीळ द्यायचा. दिवसभर. कातडी सोलून निघते, राठ होते, लाज वाटते ती वेगळी. केंद्रीय रेशीम मंडळाने ‘बुनियाद’ नावाचं छोटं यंत्र काढलं आणि सरकारने ही मांडीची पद्धत बंद करायचं ठरवलं, तेही २०१९ च्या सुमारास. देश स्वतंत्र होऊन सत्तर वर्षं झाल्यावर! इतकी वर्षं त्या धाग्याचे शालू-उपरणी हार घालून लोकांनी मिरवले. मांडीला विटाळ नव्हता का?

तुतीच्या रेशमाचीही तीच कथा. २००३ साली ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने भारतातल्या रेशीमधंद्यातल्या वेठबिगार पोरांवर अहवाल काढला. कर्नाटकात कोषातून धागा काढणारी, बनारस आणि कांचीपुरमला मागावर बसवलेली पोरं. आईबापाने दोन-चार हजार उचल घेतली आणि पोरगं फेडतंय. उकळत्या पाण्यात हात घालून टोक शोधायचं, कारण चमच्याने टोक सापडत नाही, बोटांना सापडतं. त्या पोरांत दलितांची आणि मुसलमानांची पोरं मोठ्या संख्येने. म्हणजे बघा, पालापासून लग्नाच्या शालूपर्यंत एकही पायरी अशी नाही जिथे आपला हात लागला नाही. फक्त शेवटच्या पायरीवर, दांडीवर वाळताना, आपला हात चालत नाही.

आता शेडचा एक नियम सांगतो, म्हणजे मला काय म्हणायचं ते कळेल. किड्यांच्या खोलीत शिरताना हात धुवायचे, पाय चुन्यात बुडवायचे, बाहेरची चप्पल बाहेर. मालकालाही तो नियम, मलाही. कलेक्टर आला तरी तोच. कारण रोग. फ्रान्समध्ये गेल्याच्या मागच्या शतकात पेब्रिन नावाच्या रोगाने रेशमाचा धंदा बसला, तेव्हा १८६५ पासून लुई पाश्चरने त्यावर काम केलं. अंडी घातल्यावर मादीला ठेचून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, रोगाचे कण दिसले तर तिची सगळी अंडी जाळायची. आजही रोगमुक्त अंडीपुंज याच पद्धतीने निघतात. हे झालं शास्त्र. शास्त्र म्हणतं, हात धुतले की आत ये. सोवळं म्हणतं, कितीही धुतलेस तरी बाहेर राहा. स्वच्छता आणि सोवळं यांतला फरक मला कुण्या प्राध्यापकाने शिकवला नाही, किड्याने शिकवला. किड्याला माझी जात कळली नाही. माझ्या हाताला तंबाखूचा वास आहे की नाही, एवढंच त्याला कळत होतं.

काल इथल्या एका बहिणीने विचारलं, ‘दादा, हजारो जीव उकळायचे, हे काम बुद्धाला मानणाऱ्यांनी करावं का?’ प्रश्न खरा आहे. टाळणार नाही. विनयपिटकात एक प्रसंग आहे. आळवी नगरात काही भिक्षू रेशीम करणाऱ्यांकडे गेले आणि म्हणाले, पुष्कळ कोष उकळा आणि आम्हालाही द्या, आम्हाला रेशीम मिसळून आसनं करायची आहेत. कारागीर चिडले. त्यांचं म्हणणं असं होतं की आम्ही बायकापोरांच्या पोटासाठी एवढे जीव मारतो हेच आमचं दुर्दैव, आणि हे श्रमण आमच्याकडून आणखी मारून घेतात! बुद्धांपर्यंत तक्रार गेली. नियम झाला. तो नियम भिक्षूंना, की त्यांनी रेशीम मिसळलेलं आसन करवून घेऊ नये. ध्यानात घ्या. कारागिराचं ऐकून घेतलं गेलं, आणि बंधन पडलं ते घेणाऱ्यावर. म्हणून मी म्हणतो, पापाचा हिशोब करायचा तर तो शालू नेसणाऱ्यापासून सुरू करा, कोष उकळणाऱ्यापासून नको.

पण एवढं बोलून मी हात झटकत नाही. मला ते उकळणं बघवत नाही, अजूनही नाही. हैदराबादच्या कुसुमा राजय्या यांनी पाखरू बाहेर पडल्यावर उरलेल्या फुटक्या कोषांपासून कापड काढलं, त्याला अहिंसा रेशीम म्हणतात. त्यात सलग धागा मिळत नाही, तुकडे मिळतात. ते कापसासारखे पिंजून कातावे लागतात. सूत जाडंभरडं निघतं, झळाळी कमी. जाडंभरडं म्हटलं की मला आजा आठवतो. ज्याला जाडंभरडं विणायची शिक्षा होती त्याच्याच हुनराची तिथे गरज आहे. ज्यांचं मन उकळायला घेत नाही त्यांनी तो रस्ता बघावा. महाग पडतो, विकणं कठीण आहे, हेही सांगतो.

आता शेवटचं, कामाचं.

आपल्या राज्याचं रेशीम संचालनालय १९९७ साली निघालं, त्याचं मुख्य कार्यालय नागपूरला. कळमेश्वरहून एस.टी.त बसलं की तासाभरात पोचता. पूर्वी महाराष्ट्राचे कोष विकायला रामनगरला, कर्नाटकात न्यावे लागायचे. २०१८ साली जालन्याला कोषांचा बाजार सुरू झाला. बीड-जालन्याकडे कोरडवाहू शेतकऱ्यांनी तुती लावून पैसे केले आहेत. एकदा लावलेली तुती दहा-बारा वर्षं पाला देते. वर्षाला चार-पाच पिकं निघतात. मी उतरवलेल्या शेवटच्या पिकात २०० अंडीपुंजांचे सव्वाशे किलो कोष निघाले आणि किलोला साडेचारशेच्या वर भाव लागला. करा हिशोब. छप्पन हजार. पाला, अंडी, औषध, वीज यांचा खर्च मालकाचा, ते मान्य. मला सव्वीस दिवसांचे तीनशेप्रमाणे सात हजार आठशे. रात्रीचे वेगळे नाहीत.

योजना सगळ्या आहेत. तुतीला मदत, शेडला मदत, प्रशिक्षण. पण प्रत्येक अर्जाला पहिला कागद कुठला? सातबारा. ज्याला काम येतं त्याच्याकडे सातबारा नाही, ज्याच्याकडे सातबारा आहे त्याला किडा हातात धरायची किळस येते. इथेच घोडं अडलेलं आहे, आणि ते आजचं नाही. ६ डिसेंबर १९६४ पासून दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी देशभर सत्याग्रह केला, तुरुंग भरले, तो याच सातबाऱ्यासाठी.

त्याच दादासाहेबांच्या नावाने २००४ साली राज्य सरकारने योजना काढली. भूमिहीन, दारिद्र्यरेषेखालच्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध कुटुंबाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर ओलिताची जमीन. आधी त्यात निम्मं कर्ज होतं, २०१८ पासून सगळी रक्कम अनुदान. अडचण अशी की जमीन विकणारा पुढे आला पाहिजे, आणि सरकारी भावात आला पाहिजे. तो आपोआप येणार नाही. माणूस आपल्या मळ्याशेजारी आपल्याला शेजारी म्हणून सहजासहजी घेत नाही. म्हणून एकेकट्याने अर्ज टाकून घरी बसायचं नाही. या वस्तीत शेडवर काम केलेले आपण किती जण आहोत? हात वर करा. नऊ. त्यात पाच बाया, आणि खरं काम त्यांनाच येतं. या नऊ जणांनी एकत्र अर्ज करायचे, एकत्र समाजकल्याण कार्यालयात जायचं, यादीत नाव कुठे आहे ते दर महिन्याला विचारायचं, आणि नावं बायांच्या टाकायची. एक एकर तुतीवर एक घर उभं राहतं. बागाइती दोन एकर म्हणजे चैन आहे.

मी त्या म्हातारीवर सूड घ्यायला सांगत नाही. तिचं सोवळं तिच्यापाशी. मला एवढंच पाहिजे, की पुढच्या वेळी चुना आणायला जाईन तो माझ्या स्वतःच्या अंगणातून. आणि तिथे दांडीवर काही वाळत असेल तर त्याला कुणीही हात लावावा, हात मात्र धुतलेले असावेत. खाली पाला पडलेला असतो.

नऊ जणांनी थांबा, अर्ज इथेच भरायचे आहेत. बाकीच्यांना जय भीम.